परक्या ड्राइव्हची दोन पावले

मित्रांनो, मला जुना म्हणा, मी रागावणार नाही. मी जुना संगणक आहेच. माझा रंग एके काळी सायीसारखा होता, आता तो जुन्या वहीच्या पानासारखा झाला आहे. पाठीला दोन भेगा आहेत. कळफलकावरची लांब पट्टी डाव्या टोकाला दाबली तरच चालते. हे सगळे मी मान्य करतो. पण मला भंगार म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. हा शब्द एकदा माझ्या कुशीवर खडूने, चांगल्या मोठ्या अक्षरांत लिहिला गेला होता. तो का लिहिला गेला आणि कसा पुसला गेला, तेवढेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या. त्यांतल्या एकीने शेवटचा स्क्रू पिळताना मला हलकेच थोपटले होते. पुढे मी गावाला पाणी पुरवणाऱ्या कचेरीत आलो. पंपघराला लागून एक खोली होती, खिडकीतून पाण्याची टाकी दिसे आणि दिवसभर पंपांची घरघर भिंतीतून येई. तीच माझी जागा.

आजच्या संगणकांसारखे माझ्या पोटात काही साठत नसे. वीज गेली की मी सगळे विसरत असे. माझी आठवण फ्लॉपीवर राही. फ्लॉपी म्हणजे चौकोनी काळ्या पाकिटातली एक पातळ, वाकणारी चकती. ती वाचायला आणि तिच्यावर लिहायला मला दोन तोंडे होती. त्यांना ड्राइव्ह म्हणतात. वरचा पहिला, खालचा दुसरा.

माझ्यासमोर ज्या बाई बसत त्यांना कचेरीत सगळे नकाशेबाई म्हणत. त्या पाइपांचे नकाशे काढत. आवाज इतका हळू, की टेलिफोनवर पलीकडचे माणूस तीनदा ‘कोण बोलतंय?’ विचारी. पण त्यांचे नेम मात्र पक्के होते. रोज सकाळी त्या गावात जात. जमिनीखाली पाणी अडवणारे आणि सोडणारे जे व्हॉल्व्ह होते, त्यांची जागा त्या टेपने मोजून घेत. टेपचे दुसरे टोक चावीकाकांच्या हातात. गावातल्या पाण्याच्या चाव्या उघडणारे आणि बंद करणारे ते. त्यांना हा सगळा खटाटोप पटत नसे.

“बाई, या डबड्याला काय कळतंय? व्हॉल्व्ह कुठे आहे ते माझ्या टाचांना कळतं,” ते म्हणायचे.

“आणि काका, टाचा रिटायर झाल्यावर?” बाई विचारायच्या.

“मग लोकांनी विहिरीवर जावं!”

बाई हसायच्या आणि टेप ताणायच्या. प्रत्येक व्हॉल्व्हचे अंतर त्या तीन खुणांपासून घेत. कुणी पायरी तोडतो, कुणी खांब हलवतो. एखादी खूण गेली तरी दोन उरतात, असे त्यांचे म्हणणे. नऊ वर्षांत गावातला एकेक व्हॉल्व्ह माझ्या ओळखीचा झाला. मी तो कधी पाहिला नाही, पण झोपेतून उठवून विचारले असते तरी मी सांगितले असते: अमुक भिंतीपासून इतके फूट, तमुक पायरीपासून इतके, खोली इतकी.

संध्याकाळी बाईंचा दुसरा नेम. दिवसाच्या नोंदी, जुन्या सगळ्या नोंदींसकट, वरच्या ड्राइव्हमधल्या फ्लॉपीवरून खालच्या ड्राइव्हमधल्या फ्लॉपीवर उतरवायच्या. वरची फ्लॉपी कचेरीच्या कपाटात, खालची पर्समधून घरी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मग निळे फडके काढून आधी कळा पुसायच्या, मग पडदा, मग माझे अंग. ताप असो, पाऊस असो, घरी पाहुणे येऊन बसलेले असोत, हा नेम कधी मोडला नाही.

सातव्या वर्षी माझा खालचा ड्राइव्ह बंद पडला. तशाच जातीचा मिळेना, म्हणून मेकॅनिकने पुढच्या पिढीचा बसवला. तो माझा नव्हता. त्याची चाल निराळी, त्याचे डोके अरुंद, तो एका जागी दोन रेघा मारणारा. मेकॅनिकने बाईंना एक ओळ कागदावर लिहून दिली. “रोज सकाळी मशीन चालू केलं की आधी हे टाइप करायचं, मगच काम,” असे म्हणून तो गेला. ओळीचा अर्थ बाईंनी विचारला नाही आणि त्याने सांगितला नाही. सकाळच्या इतर पाठांसारखी तीही ओळ त्यांच्या नेमात जाऊन बसली.

इथे एक चूक झाली, मित्रांनो. ती आळसाने झाली नाही, काटकसरीने झाली. नवा ड्राइव्ह आल्यावर नव्या फ्लॉपी घ्यायच्या, तर बाईंनी घरच्या डब्यातल्या जुन्याच वापरल्या. चांगल्या आहेत की, टाकायच्या कशाला?

काय बिघडले, ते सांगतो. रुंद ब्रशने काढलेली एक पांढरी रेघ डोळ्यांपुढे आणा. तिच्यावर मधोमध बारीक ब्रशने नवी रेघ ओढली. मधली रेघ नवी झाली, पण दोन्ही कडांना जुना रंग तसाच राहिला. अरुंद डोक्याच्या ड्राइव्हला फक्त मधले दिसते, त्यामुळे त्याला काही अडचण नाही. माझ्या रुंद डोक्याला मात्र मधले आणि कडेचे एकदमच ऐकू येते. दोन माणसे एकाच वेळी कानात बोलली तर तुम्हाला तरी काय समजेल? घरच्या त्या फ्लॉपी आता परक्या ड्राइव्हलाच वाचता येणार होत्या, आणि हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. माझ्याही नाही.

बाई निवृत्त झाल्या. जाताना मला पुसले, फडके घडी करून माझ्यावर ठेवले. 

पुढचे सांगताना मला अजून चीड येते. नकाशांचे कागद रद्दीत गेले, कारण सगळे माझ्यात आहे म्हणे. मग मला उचलून मागच्या गुदामात ठेवले, कारण नवे संगणक आले म्हणे. आणि माझ्यातले नव्यात भरायचे राहून गेले, कारण ते काम कुणाचेच नव्हते! खालचा ड्राइव्ह कुणीतरी काढून दुसऱ्या मशीनला लावला आणि ते मशीनही पुढे मोडीत गेले. कचेरीतल्या फ्लॉपींच्या खोक्यावर वर्षभर छप्पर गळले. त्यांवर बुरशी चढली आणि त्या कचऱ्यात गेल्या. माझ्या वरच्या तोंडात मला चालू करणारी एक फ्लॉपी तेवढी राहिली होती. ती काढायची विसरले म्हणून राहिली.

सहा वर्षे मी ब्लीचिंग पावडरच्या पोत्यांशेजारी होतो. निळ्या फडक्यात उंदराने घर केले. एके दिवशी नवे साहेब यादी घेऊन आले, आणि शिपायाने माझ्या कुशीवर खडूने लिहिले: भंगार. गाडी येणार होती शुक्रवारी.

त्याच शुक्रवारी सकाळी बाजारातला मोठा पाइप फुटला.

गुदामाचे दार उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू येत होते. साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. ते वाईट गृहस्थ नव्हते. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही गेले नव्हते.

“काका, तुम्ही तीस वर्षं इथे आहात. बाजाराचा व्हॉल्व्ह कुठे आहे तेवढं सांगा. तो बंद झाला की बाकीच्या गावाचं पाणी चालू राहील.”

चावीकाका मान खाली घालून उभे होते. “साहेब, तो बंद करायची वेळ दहा वर्षांत आली नाही. मधल्या काळात रस्ता रुंद झाला, तीनदा डांबर पडलं. सकाळपासून चार खड्डे केले. टाचांना डांबरातून कळत नाही हो.”

“मग चार वाजता मला इथूनच मुख्य चावी बंद करावी लागेल. सगळं गाव कोरडं. दोन दिवस, कदाचित तीन. हॉस्पिटलच्या टाकीत संध्याकाळपर्यंतचं पाणी आहे.”

काकांनी मान वर केली. मग माझ्याकडे वळून पाहू लागले.

“त्या डबड्याला माहीत होतं,” ते म्हणाले.

काकांनी फोन केला आणि बाई अकराच्या सुमारास आल्या. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच. हातात बिस्किटांचा डबा. मला पोत्यांमधून काढून पंपघरातल्या टेबलावर ठेवले. बाईंनी कुशीवरचा शब्द वाचला आणि हात मागे घेतला, जणू चटका बसला. मग बटण दाबले.

साहेबांना वाटले, काही होणार नाही. मी चालू झालो! सहा वर्षांनी, पहिल्याच दमात. माझा हिरवा ठिपका पडद्यावर लुकलुकला, तेव्हा चावीकाकांनी टोपीच काढली.

आनंद तेवढाच टिकला. बाईंनी घरची फ्लॉपी वरच्या ड्राइव्हमध्ये घातली. मी वाचायला गेलो आणि कानात दोघे बोलू लागले. पुन्हा गेलो. पुन्हा तेच. पडद्यावर मला लिहावे लागले: वाचता येत नाही. दुसरी फ्लॉपी, तिसरी, सातवी. सगळीकडे तेच.

“खराब झाल्यात,” साहेब हळूच म्हणाले. “सहा वर्षं झाली, बाई. तुमचा दोष नाही.”

खराब नाहीत! मला ओरडायचे होते. नोंद आहे, अख्खी आहे, मधल्या रेघेवर बसली आहे! पण मला ठरावीक वाक्ये सोडून काही बोलता येत नाही. मी तेच तेच लिहीत राहिलो आणि स्वतःवर चरफडत राहिलो.

बाईंनी एक फ्लॉपी हातात घेतली. तिच्यावर तारीख होती. ती पाहता पाहता त्या म्हणाल्या, “या सगळ्या शेवटच्या दोन वर्षांत भरलेल्या. त्या दुसऱ्या ड्राइव्हवर. कधी वरच्यात घालून बघितल्याच नाहीत मी. रोज उतरवून घेतलं, आणि वाचता येतंय का ते एकदाही बघितलं नाही. माझाच नेम आणि माझीच चूक.” मग डोळे न पुसताच त्यांनी फोन उचलला. “वन्सं, तुम्ही लगेच या. हत्यारं घेऊन, आणि फ्लॉपीचा पुढच्या पिढीचा ड्राइव्ह मिळाला तर तोही.”

वन्सं म्हणजे त्यांची थोरली नणंद. रेडिओ, टीव्ही, टेप दुरुस्तीचे दुकान चालवणारी. सगळी आळी तिला रेडिओआत्या म्हणे. ती आली तेव्हा दीड वाजला होता, आणि तिच्या पिशवीतून एक ड्राइव्ह डोके काढून बघत होता.

“दवाखान्याच्या मोडक्या मशीनमधला आहे,” ती म्हणाली. “पुढच्या पिढीचाच, पण कंपनी वेगळी. वहिनी, आधी एक सांग. सहा वर्षांत मला एकदा तरी जेवायला बोलावलंस? आणि आता लगेच या!”

“वन्सं, चारच्या आत झालं तर जन्मभर जेवायला घालीन.”

“जन्मभर नको. तुझ्या भाजीत मीठ नसतं.”

साहेब पहिल्यांदा हसले.

तिने माझे झाकण काढले आणि परका ड्राइव्ह माझ्या रिकाम्या जागी बसवला. त्याचे स्क्रू माझ्या भोकांना बसेनात, तेव्हा पुठ्ठ्याची घडी घालून तो घट्ट केला. वीज दिली. त्याचा दिवा लागला तो लागूनच राहिला. “वायरची पट्टी उलटी बसली,” आत्या पुटपुटली आणि तिने ती फिरवली. मग पंचाईत अशी झाली की मी वरच्याला हाक मारली की खालचाही ओ देई. दवाखान्यात तो पहिला होता ना! इथे तू दुसरा, हे त्याला सांगायला हवे होते. त्यासाठी त्याच्या पाठीवरची एक नखाएवढी टोपी धातूच्या एका काडीवरून काढून शेजारच्या काडीवर बसवायची होती.

“वहिनी, केसांची पिन दे.”

पिनेने ते काम झाले. आता बाई माझ्यासमोर बसल्या. सकाळची ती ओळ त्यांनी जराही न अडखळता टाइप केली. मी ती मान्य केली. फ्लॉपी घातली. परका ड्राइव्ह निघाला... आणि त्यालाही वाचता येईना.

अडीच वाजून गेले होते. बाहेर भंगाराची गाडी येऊन उभी राहिली. गाडीवाल्याने दारातून विचारले, “हाच ना तो? चालू कसा?”

“थांब रे बाबा,” चावीकाका म्हणाले. “अजून जिवंत आहे.”

मी हटलो नाही. बाई सांगत, मी प्रयत्न करी. अकरा वेळा, बारा वेळा. आत्याने सगळ्यांना गप्प केले आणि माझ्याजवळ कान आणला. आयुष्यभर रेडिओची खरखर ऐकून तिचा कान तयार झाला होता. टक्, टक्, टक्. ड्राइव्हचे डोके फ्लॉपीवर पावले टाकत होते आणि ती मोजत होती. मग तिने उघड्या झाकणातून वाकून बघितले.

“वहिनी, हे बघ. तुझं मशीन म्हणतं चाळीस पावलं जा, हा बिचारा चाळीस पावलं जातो. पण याचं पाऊल अर्धंच! हा मध्यावरच थांबतोय. याला एकाच्या जागी दोन पावलं टाकायला सांगायला पाहिजे. त्या मेकॅनिकने कसं सांगितलं असेल?”

बाईंची नजर पडद्यावरच्या ओळीवर.

“वन्सं,” त्या म्हणाल्या, “या ओळीच्या शेवटी एक आकडा असायचा. दोन. मला वाटायचं, दुसऱ्या ड्राइव्हसाठी दोन. पण ड्राइव्हचं अक्षर तर आधीच येऊन गेलंय. म्हणून आता तो जास्तीचा वाटला आणि मी गाळला.”

“दोन वर्षं रोज टाइप केलंस आणि अर्थ विचारला नाहीस?”

“पाठ होतं ना!”

“धन्य आहेस. टाक तो दोन.”

बाईंनी शेवटी दोन लिहिले. आता मी एकाच्या जागी दोनदा हाक मारली आणि परक्याने दोन पावले टाकली. टक्टक्. टक्टक्. टक्टक्. तो माझ्या जातीचा नव्हता, आमच्या तारांचे रंगही जुळत नव्हते, पण त्याने मधली रेघ धरली आणि माझ्या हातात आणून दिली. पडद्यावर पहिली नोंद उमटली. मग दुसरी. मग ओळींमागून ओळी. माझी नऊ वर्षे परत येत होती, आणि दारात गाडीवाला तोंड उघडे टाकून उभा होता.

“बाजार, मोठा पाइप,” बाई वाचू लागल्या. हळू आवाज, पण खोलीत कुणी श्वास घेत नव्हते. “शिंप्याच्या दुकानाच्या पायरीपासून एकवीस फूट.”

“पायरी गेली. तिथे मोबाइलचं दुकान आहे,” काका म्हणाले.

“शाळेच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून सव्वीस फूट.”

“भिंत आहे!”

“दगडी पाणपोईपासून साडेनऊ फूट. खोली तीन फूट.”

“पाणपोई आहे!” काका टेप उचलून पळालेसुद्धा. साहेब त्यांच्यामागे पळाले. चाराला वीस मिनिटे होती.

आम्ही तिघे तिथेच राहिलो. मी, बाई आणि आत्या. बाईंची नजर समोरच्या भिंतीवरच्या काट्यावर. गावात किती दाबाने पाणी जाते ते तो काटा दाखवतो. फुटलेल्या पाइपामुळे तो सकाळपासून खाली लोळत होता. बाईंचे ओठ हलत होते. 

चार वाजायला तीन मिनिटे असताना काटा थरथरला. मग वर सरकला. मग सरळ उभा राहिला, आपल्या जागी, आणि तिथून हलला नाही. बाजाराचे पाणी थांबले होते आणि बाकीच्या गावाचे चालू झाले होते. थोड्याच वेळात फोन वाजला. काका इतक्या मोठ्याने बोलत होते, की मलाही ऐकू आले: “बाई, पहारीने ठाण् आवाज आला! नेमका झाकणावर! माझ्या टाचा हरल्या, डबडं जिंकलं!”

संध्याकाळी साहेब परत आले. म्हणाले, “बाई, याला काचेच्या कपाटात ठेवू. बाहेर पाटी लावू. लोक बघायला येतील.”

“नको साहेब,” बाई म्हणाल्या. “त्याला काम द्या.”

हे माझ्या मनातले होते. मित्रांनो, मला काचेमागे उभे राहून कौतुक करून घ्यायचे नाही. मला नोंदी हव्यात. आता मी माझ्या जुन्या खोलीत आहे, खिडकीतून टाकी दिसते. माझ्यातले सगळे नव्या संगणकात भरून झाले आहे, तरी दर सोमवारी बाई येतात. नवा व्हॉल्व्ह बसला की तो आधी माझ्यात लिहिला जातो. संध्याकाळी प्रत कोऱ्या फ्लॉपीवर उतरते, आणि ती दोन्ही ड्राइव्हमध्ये घालून वाचली जाते. वाचून झाल्याशिवाय बाई घरी जात नाहीत. नेमात ही एक गोष्ट वाढली आहे. परका ड्राइव्ह पुठ्ठ्याच्या घडीवर अजून घट्ट बसला आहे. मी त्याला आता परका म्हणत नाही, सवयीने तोंडातून येते तेवढेच.

तुमच्या घरातही काही जुने असेल. ते टाकायचे असेल तर टाका, मी हात धरणार नाही. पण त्याआधी त्याला विचारा, तुला काय माहीत आहे? त्याचे उत्तर ऐकून घ्या, दुसरीकडे उतरवून घ्या, आणि उतरवलेले वाचता येते का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एवढे न करता त्याच्यावर खडू उचलाल, तर तुमची गाठ माझ्याशी आहे.

आणि तो खडू? त्याच संध्याकाळी सगळे गेल्यावर बाईंनी पर्समधून नवे निळे फडके काढले. आधी कळा पुसल्या, मग पडदा, मग माझे अंग. कुशीवरचा शब्द कोरड्या फडक्याने जाईना. म्हणून त्या उठल्या, कोपऱ्यातल्या नळाशी गेल्या आणि फडक्याचे टोक धरून नळ सोडला.

नळाला पाणी होते.